दुसरं आडनाव

काउंटरपलीकडच्या बाईंनी माझा अर्ज माझ्याकडे फिरवला, पेनाचं टोक एका रिकाम्या चौकटीवर टेकवलं आणि विचारलं, ‘‘आणि दुसरं?’’ माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वाचक-कार्ड काढायला गेले होते. नाव लिहिलं होतं, आडनाव लिहिलं होतं, पासपोर्ट समोर ठेवला होता. ‘सेगुंदो आपेयिदो’, म्हणजे दुसरं आडनाव, ही चौकट मी मुद्दामच सोडली होती. ‘‘दुसरं नाही,’’ मी म्हटलं. त्यांना वाटलं, मला शब्दच कळला नाही. त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, ‘‘आईचं. तुमच्या आईचं आडनाव.’’ मी म्हटलं, आईचंही हेच, आमच्याकडे लग्नानंतर बायकांचं आडनाव बदलतं. ‘‘हो, पण त्याआधी काहीतरी असेलच ना?’’ आवाजात खोचकपणा अजिबात नव्हता. त्यांना अर्ज पुरा करायचा होता, एवढंच. आणि मला ते आडनाव चटकन आठवलं नाही.

फार वेळ नाही, तीन-चार सेकंद. आईचं माहेरचं आडनाव मला अर्थातच ठाऊक आहे. आजोळी दारावरच्या पितळी पाटीवर ते होतं, मामाच्या लग्नपत्रिकेत होतं, आजीने दिलेल्या तांब्याच्या घंगाळावर कोरलेलं होतं. पण डोक्यात ते ‘मामाचं आडनाव’ म्हणून बसलेलं. आईच्या नावाला जोडून मी ते कधी उच्चारलंच नव्हतं. नाही म्हणायला एक जागा होती. बँकेला फोन केला की ओळख पटवायला विचारतात, आईचं माहेरचं आडनाव सांगा. बाहेरच्या कुणाला ते ठाऊक असणार नाही, या भरवशावरच ते परवलीचा शब्द म्हणून चालतं, हे त्या काउंटरसमोर उभं असताना पहिल्यांदा जाणवलं. माझ्यामागे रांग होती. बाई म्हणाल्या, परदेशी वाचक कधी कधी मोकळं सोडतात, चालेल.

मी मोकळं सोडलं.

लग्नानंतर मी माझं नाव बदललं नाही. त्याचा मला इतकी वर्षं अभिमान वाटत आला आहे. घरात थोडी कुरबूर झाली, रेशनकार्डापासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक ठिकाणी समजावून सांगावं लागलं, पण माझं नाव मी राखलं. कार्ड हातात घेऊन ग्रंथालयाच्या दगडी पायऱ्यांवर बसले तेव्हा कळलं, की राखलं ते वडिलांचं नाव होतं. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना स्पॅनिश विद्वानांचे आणि लेखकांचे पुतळे आहेत, सेर्वांतेस आहे, लोपे दे वेगा आहे. समोर रेकोलेतोसचा रुंद रस्ता, झाडांच्या रांगा, ऑक्टोबरातलं कोवळं ऊन. आणि मी कार्डावरच्या त्या मोकळ्या जागेकडे बघत बसले होते.

ज्या बाईंचा शोध घ्यायला मी पुण्याहून रजा काढून आले होते, त्यांची सगळी गोष्टच नावाची होती, म्हणूनही असेल. मी स्पॅनिश शिकवते. वरच्या वर्गाला वाचायला देत असलेल्या उताऱ्यांत एका नाटकाचा एक प्रवेश असायचा, ‘कान्सिओन दे कुना’ म्हणजे ‘अंगाईगीत’ या नाटकातला. ननांच्या एका मठाच्या दारात कुणीतरी तान्ही मुलगी सोडून जातं. नन तिला वाढवतात आणि अठरा वर्षांनी ती लग्न करून निघून जाते. माद्रिदमध्ये १९११ साली हे नाटक रंगमंचावर आलं, गाजलं, त्याला स्पॅनिश अकादमीचं बक्षीस मिळालं. पुढे हॉलिवूडने त्यावर सिनेमाही काढला. सगळं खाली बसून, कमी आवाजात बोलल्यासारखं आहे त्यात. मुलगी निघाली तेव्हा तिच्या कापडचोपडाच्या पेटीभोवती बायकांची जी लगबग चालते, ती वाचताना वर्गातल्या मुली हमखास गप्प होतात. दहा वर्षं मी फळ्यावर लेखकाचं नाव लिहीत आले, ग्रेगोरिओ मार्तिनेस सिएर्रा. मग एकदा तयारी करताना कळलं, की ते त्याच्या बायकोने लिहिलंय. एकटं हेच नाही. त्याच्या नावावरची नाटकं, कथा, निबंध, यातलं जवळजवळ सगळं.

तिचं नाव मारिया लेहार्रागा. यातला ‘ह’ आपल्या ‘हळद’मधला नाही, तो घशातून घासून येतो.

ग्रंथालयात पहिले आठ दिवस मी नावांशीच झटत होते. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. बाईचं लग्न झालं तरी दोन्ही तशीच राहतात. हे मी वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवते. पण शिकवणं वेगळं आणि तालिकेत शोधणं वेगळं. आपण ज्याला सर्रास मार्केझ म्हणतो, तो तिथे मार्केझच्या खाली सापडत नाही. तो गार्सिया मार्केझ, गार्सिया हे वडिलांचं आणि मार्केझ हे आई लुईसा सांतियागाचं. लोर्का हे सगळ्या जगाने डोक्यावर घेतलेलं नाव त्या स्पॅनिश कवीच्या आईचं आहे, तो गार्सिया लोर्का. आईचं आडनाव वापरून वापरून वडिलांचं गळून पडलं, असं आपल्याकडे कुणाचं झालेलं मला आठवत नाही. चिलीची कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल जन्मतः लुसिला गोदॉय अल्कायागा, तिथलाच कवी पाब्लो नेरुदा जन्मतः रेयेस बासोआल्तो. ग्रंथालयं या सगळ्या नावांसाठी एक नोंद ठेवतात. लेखकाचं एक नाव मुख्य धरायचं आणि जन्मनाव, टोपणनाव, सासरचं नाव, चुकीच्या स्पेलिंगने छापलेलं नाव, अशी बाकीची सगळी त्याच्या पोटात घालायची. त्यातलं कुठलंही टाइप केलं तरी तुम्ही त्याच माणसापाशी पोचता. जुन्या काळी लाकडी खणांतल्या कार्डांवर हेच एका शब्दात असायचं, ‘वेआसे’, म्हणजे ‘पाहा’. आपल्या ग्रंथालयांतही ‘पाहा’ लिहिलेली अशी कार्डं असत. आपल्याकडच्या विभावरी शिरूरकर घ्या. जन्माने बाळूताई खरे, लग्नानंतर मालती बेडेकर, आणि पुस्तकावर तिसरंच नाव. अशा लेखिकेपर्यंत वाचकाला नेऊन पोचवायला कुणीतरी बसून ती कार्डं लिहावी लागतात.

मारियाबाईंच्या बाबतीत मात्र कार्ड लिहिणाऱ्याने काय करायचं? मी त्यांचं जन्मनाव टाकून शोधलं, तर पडद्यावर तुरळक काही आलं. नवऱ्याचं नाव टाकलं आणि पानांमागून पानं उलगडत गेली. १८९९ साली ‘मारिया लेहार्रागा’ या नावाने एक पुस्तक निघालं होतं, लहान मुलांसाठी छोट्या छोट्या गोष्टींचं. तेव्हा त्या शाळेत शिकवत होत्या. त्यानंतर दशकानुदशकं त्या नावाचं पुस्तक नाही. मधल्या काळात स्वतः मारियाबाई काही गप्प नव्हत्या. मान्वेल दे फाया या संगीतकाराबरोबर त्यांनी ‘एल आमोर ब्रुहो’ केलं, त्याची संहिता त्यांची. पोस्टरवर नाव नवऱ्याचं. फायाला खरं ठाऊक होतं, कामाची पत्रं तो बाईंनाच लिहायचा. ग्रानादाला त्याच्या नावाचं जे अभिलेखागार आहे, तिथे तो पत्रव्यवहार जपलेला आहे.

आणि वर्तमानपत्रं. ग्रंथालयाने जुनी नियतकालिकं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. पुण्यात घरी बसूनही ती बघता येतात, मी इथे येण्याआधी कित्येक रात्री बघितलीही होती. पण त्यात शोध घ्यायचा म्हणजे यंत्राने वाचलेल्या अक्षरांवर विसंबायचं. जुनी छपाई, शाई पसरलेली, कागद पिवळा. ओळीच्या शेवटी शब्द तुटतो, ‘लेहा’ वरच्या ओळीत आणि ‘र्रागा’ खालच्या. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. कधी आघातचिन्ह गेलेलं, कधी जे अक्षराचं आय झालेलं. मी एका वहीत या नावाची जितकी मोडतोड सुचली तितकी लिहून काढली आणि एकेक टाकून बघत गेले. मराठीत जुनी मासिकं शोधताना ऱ्हस्व-दीर्घाचं जे होतं, तेच हे. एका संध्याकाळी अशाच एका मोडक्या नावावर एक बारीकशी बातमी लागली. कसल्यातरी कार्यक्रमाला हजर असलेल्यांची यादी होती. त्यात त्यांचं नाव होतं, पुढे ‘नाटककारांच्या पत्नी’. मी ते पान बराच वेळ मिटलं नाही.

आमच्या गावचं वाचनालय कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं, संध्याकाळी पाच ते आठ उघडं. पुस्तक बदलायला मी जायचे. जिना चढलं की वाळवी लागू नये म्हणून टाकलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि टेबलाशी बसलेले काका. ते लांबलचक रजिस्टर उघडायचे आणि वडिलांच्या नावाच्या पानावर तारीख घालायचे. सभासदत्व वडिलांचं होतं. वडील पेपर वाचायचे, पंचांग बघायचे, बस. कादंबऱ्या वाचायची ती आई. दुपारची भांडी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, भिंतीला पाठ टेकून. खूण म्हणून पानात केरसुणीची काडी ठेवायची. आठवड्याला दोन पुस्तकं. ‘‘साहेबांना ऐतिहासिक पाहिजे होतं ना, हे ने,’’ काका मला सांगायचे आणि मीही त्यांना कधी सांगितलं नाही की साहेबांना नाही, आईला. एका वर्षी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला सर्वांत जास्त पुस्तकं नेणाऱ्या सभासदाचा सत्कार ठरला. शाल आणि नारळ. नाव पुकारलं गेलं ते वडिलांचं.

वडील गेले, टाळ्या झाल्या. आई बायकांच्या बाजूला चौथ्या रांगेत बसली होती आणि मी तिच्या मांडीला टेकून. परत येताना वडील एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी तो नारळ आईच्या हातात दिला आणि शाल तिच्या खांद्यावर टाकली. आई म्हणाली, ‘‘अहो, हे काय? तुमची आहे ती.’’ दुसऱ्या दिवशी तिने त्याच नारळाच्या वड्या केल्या, वाचनालयातल्या काकांनाही डबा पाठवला. मोठी झाल्यावर मी तिला एकदा विचारलं, तुला तेव्हा वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, ‘‘कशाचं? मला काय तिथे वर जायला जमलं असतं होय? पुस्तकं वाचली ती मीच ना, ती कुणी काढून घेतली का?’’

मारियाबाईंनी जवळपास हेच लिहून ठेवलंय. म्हणूनच त्यांच्याविषयी रागाने लिहायला बसावं तर हात अडखळतो. उतारवयात, नवरा गेल्यानंतर, ‘ग्रेगोरिओ आणि मी’ हे आठवणींचं पुस्तक त्यांनी लिहिलं. ते १९५३ साली मेक्सिकोत छापलं गेलं. माझ्या मागणीवर ते आलं तेव्हा मी ते दोन दिवसांत वाचून काढलं. मुखपृष्ठावर स्वतःचं नाव का घातलं नाही, याची कारणं त्या शांतपणे सांगतात. एक, त्या शिक्षिका होत्या, आणि लिहिणारी बाई म्हणून बोट दाखवलं जाणं त्या काळी मास्तरणीला परवडणारं नव्हतं. दुसरं, ते पहिलं पुस्तक घेऊन त्या हौसेने घरी गेल्या, तर घरच्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. कौतुकाचा शब्द नाही. तिथेच त्यांनी मनाशी ठरवलं, यापुढे माझं नाव पुस्तकावर दिसणार नाही. आणि तिसरं कारण प्रेम. नवं लग्न, दोघांनी मिळून लिहायचं, होतील ती मुलं बापाच्या नावाने ओळखली जावीत. पोरांना बापाचं नाव लावतात तसं पुस्तकांना लावलं. त्या कारणापाशी मी पेन्सिल खाली ठेवली. स्पेनमध्ये पोरांना आईचंही नाव मिळतं. पुस्तकांना तेवढंही मिळालं नाही.

नवरा पुढे त्याच्याच कंपनीतल्या नटीच्या प्रेमात पडला, तिच्यापासून त्याला मुलगी झाली, १९२२ साली मारियाबाई आणि तो वेगळे झाले. आणि तरी त्या त्याच्या कंपनीसाठी लिहीत राहिल्या. पुढचा अंक लवकर पाठव, असं सांगणारी त्याची पत्रं अभ्यासकांनी वाचली आहेत. १९३० साली त्याने एका कागदावर सही करून लिहून दिलं, की माझी सगळी लेखनकृती माझ्या पत्नीच्या सहकार्याने झालेली आहे. ‘सहकार्य’ हा शब्द त्याचा. ग्रेगोरिओ खलपुरुष होता असं मला म्हणता येत नाही. तो चांगला दिग्दर्शक होता, माद्रिदची रंगभूमी त्याने बदलली, आणि सही त्याने स्वतःहून केली. पण नारळ आणून बायकोच्या हातात देणारा माणूस आणि अर्ध्या शतकात एकदा सहकार्य लिहून देणारा माणूस यांत मी मनातल्या मनात फरक करते. तो बरोबर आहे की माझ्या वडिलांवरच्या मायेपोटी आहे, कोण जाणे. वडिलांनीही सभासदत्व आईच्या नावावर करून दिलं नव्हतं. दोन रुपये वर्गणी होती.

ज्या पुस्तकाचा मी सगळ्यांत जास्त शोध घेतला ते ‘स्पेनच्या स्त्रियांना पत्रं’, १९१६ सालचं. बायकांनी शिकावं, कमवावं, कायद्यात आपलं स्थान काय ते समजून घ्यावं, असं बायकांना तळमळून सांगणारी पत्रं. सही ग्रेगोरिओची. पुढच्याच वर्षी माद्रिदच्या एस्लावा नाट्यगृहात त्याने स्त्रीवादावर व्याख्यान वाचून दाखवलं, तेही तिनेच लिहिलेलं. ग्रंथालयाच्या बऱ्याच प्रती शहराबाहेर, आल्काला दे एनारेसच्या कोठारात असतात आणि आधी मागणी नोंदवून थांबावं लागतं. ते पुस्तक यायचं होतं आणि मधे रविवार आला. वनस्पतीउद्यानाच्या कुंपणालगत चढ आहे, कुएस्ता दे मोयानो, तिथे लाकडी खोक्यांसारखी जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, कितीतरी दशकं. सहज गेले आणि तिथे ते दिसलं. पाठ सुटत आलेली, कागद चहाच्या रंगाचा. विकणाऱ्या आजोबांना लेखकाचं नाव सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘तिचंच आहे हो ते.’’ त्यांनी ‘तिचं’ म्हटलं याचं मला इतकं बरं वाटलं, की मी घासाघीस केली नाही.

खोलीवर येऊन उघडलं तर पानं कापलेली नव्हती. त्या काळी मोठा कागद घडी घालून शिवत, कडा वाचणाऱ्याने सुरीने कापायच्या. पहिली सोळा पानं कुणीतरी कापली होती, आडवीतिडवी, घाईने, आणि नंतर सोडून दिली होती. शंभराहून जास्त वर्षं ते पुस्तक तसंच बंद. माझ्याकडे पावाची सुरी होती. घडीत सुरी घालायची आणि कागदाच्या धारेने हळू बाहेर ओढायची, झटका दिला की फाटतं. प्रत्येक कापाबरोबर कागदाचा बारीक भुगा टेबलावर पडत होता, पिठासारखा, आणि कोरड्या लाकडाचा वास येत होता. आत अक्षरं अगदी काळीभोर, उजेड न लागलेली. एका बाईने हे सगळं बायकांना उद्देशून लिहिलं, पुरुषाच्या नावाने छापून घेतलं, आणि या प्रतीपुरतं तरी ते कुणी वाचलं नव्हतं. रात्री दोनपर्यंत मी कापत आणि वाचत राहिले. एकदा वाटलं होतं, पहिल्या पानावर पेन्सिलीने तिचं नाव लिहावं. लिहिलं नाही. तिने लिहिलं नव्हतं, तर मी कोण?

मग सान मिल्यानला गेले. लेहार्रागाबाईंचा जन्म तिथला, १८७४ सालच्या डिसेंबरातला. ला रिओहा प्रांतात, द्राक्षमळ्यांच्या वर डोंगराच्या कुशीत चिमुकलं गाव आणि दोन मठ, एक वर झाडीत, एक खाली. स्पॅनिश शिकणाऱ्या प्रत्येकाला हे गाव दुसऱ्या कारणाने माहीत असतं. इथल्या एका लॅटिन पोथीच्या समासात आणि ओळींच्या मधे कुणा भिक्षूने कठीण शब्दांचे अर्थ बोलीभाषेत लिहून ठेवले, साधारण हजार वर्षांपूर्वी. ते स्पॅनिशचं अगदी बाल्यातलं लेखन मानतात. काही टिपा बास्कमध्ये आहेत. पोथी आता माद्रिदला आहे, इतिहास अकादमीत. त्या गावात उभी राहून मी फोनवर तिचं चित्र मोठं करून बघत होते. मधे ठसठशीत लॅटिन, पानभर. कडेला बारीक, वाकडं, दाटीवाटीने, आपल्या माणसांच्या बोलीतलं. त्या लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही, त्याच्यासाठी ‘पाहा’ लिहायची सोयच नाही. थंडी होती, मठाची घंटा वाजत होती, आणि मला खूप दिवसांनी आईला फोन करावासा वाटला.

तिला मी सगळं सांगितलं, चौकटीचं, रांगेचं, मला न आठवल्याचं. ती म्हणाली, ‘‘अगं, मलाच आता पटकन लिहिता येत नाही ते. परवा शाळेच्या दाखल्याची गरज पडली तर मी सासरचंच लिहून बसले.’’ मग आपणहून तिने तांदळाचं सांगितलं. लग्नात परातीत तांदूळ पसरले होते, वडिलांनी अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं. तिचं पाळण्यातलं नावही तेव्हाच बदललं. नाव नीट उमटलं नाही म्हणून आत्याबाईंनी तांदूळ हाताने सारखे केले आणि वडिलांनी पुन्हा लिहिलं. सगळ्यांनी वाकून वाचलं. ‘‘मी मान वर करून बघितलंच नाही, मला कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कळलं आपलं नाव काय ते.’’ मी विचारलं, मग? ‘‘मग काय, तांदूळ डब्यात गेले. लग्नघरात तांदूळ किती लागतात.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘ते नाव चांगलं होतं हं माझं. आधीचं पण आणि नंतरचं पण. दोन्ही चांगली होती.’’ आणि लगेच, ‘‘हे कुठे लिहिणार असशील तर नाव घालू नकोस माझं.’’

म्हणून घातलेलं नाही. तिचं ऐकायचं ठरवलं तेव्हा मारियाबाईंचाही मला जरा वेगळा उलगडा झाला. त्यांनी शेवटच्या पुस्तकांवर नाव घातलं ते ‘मारिया मार्तिनेस सिएर्रा’, नवऱ्याची दोन्ही आडनावं, म्हणजे त्याच्या आईचंसुद्धा. स्पॅनिश बाईला हे करायची काही गरज नसते. अभ्यासकांना ते खटकतं, मलाही खटकलं होतं. पण त्या तोवर सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. मधे त्या १९३३ साली ग्रानादाकडून संसदेत निवडून गेल्या होत्या, यादवी युद्धात देश सुटला होता, फ्रान्समध्ये मोतीबिंदूने डोळे जवळजवळ गेले होते, आणि नवरा वारल्यावर त्या पुस्तकांच्या मानधनाचा प्रश्नही उभा राहिला होता. लोकांना जे नाव माहीत होतं, तेच पुढे करून त्यांना पोट भरायचं होतं. आणि ते नाव त्यांनीच तर मोठं केलं होतं, पन्नास वर्षं राबून. ते त्यांचं नव्हतं असं कसं म्हणायचं? ब्वेनोस आयरेसमध्ये त्या वारल्या १९७४ साली, शंभरीला सहा महिने कमी असताना. आता पुष्कळ तालिकांत ही दोन्ही नावं एकमेकांना जोडलेली दिसतात. एक टाकलं की दुसरं येतं. कुणी काय लपवलं, कुणाचं काय चुकलं, याचा उल्लेख नाही. फक्त, हे नाव शोधत असाल तर तेही पाहा. इतकं मोजकं आणि इतकं न्यायाचं मला माझ्या प्रबंधात लिहिता आलेलं नाही.

आपल्याकडे आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव वडिलांच्या नावाच्या आधी लागतं. भाचीच्या बाळाच्या दाखल्यावर ते बघून आईने चष्मा पुसून पुन्हा बघितलं होतं. स्पेनमध्ये आईबापांचं ठरलं तर आईचं आडनावही पहिलं लावता येतं, वीसेक वर्षांहून जास्त झाली. तरी आईचं आडनाव म्हणजे शेवटी तिच्या वडिलांचं, आणि नातवंडापर्यंत तेही गळून जायचं, हे आहेच. पणजीचं आडनाव मला माहीत नाही. मामाला विचारलं, त्यालाही नाही.

फेब्रुवारीत परतायच्या आधी मी पुन्हा त्या काउंटरवर गेले आणि म्हटलं, माझ्या नोंदीत एक दुरुस्ती करायची आहे. याच बाई होत्या. त्यांना मी आठवत नव्हते. नवा अर्ज दिला, मी चौकट भरली. रोमन लिपीत ते आडनाव लिहिताना स्पेलिंग काय करायचं हे मलाच ठरवावं लागलं, कारण माझ्या माहितीत ते कुणी तसं कधी लिहिलं नव्हतं. बाईंनी टाइप केलं, पडद्यावर तपासलं आणि खात्री करायला मोठ्याने वाचलं. माझं नाव, वडिलांचं आडनाव, आईचं आडनाव. आईचं शेवटी ‘कर’ येणारं आहे, एवढं सांगायला तिची हरकत नसावी. स्पॅनिशच्या नियमाने शब्दाच्या शेवटी ‘र’ आला की जोर शेवटच्या अक्षरावर पडतो. तसाच तो पडला, ‘कार’ असा लांबला आणि ‘र’पाशी जीभ किंचित थरथरली.

त्या रात्री कार्डाचा फोटो आईला पाठवला. पुण्यात तेव्हा पहाट व्हायची होती, पण ती जागी होती. ‘‘कशाला ग उगाच त्या लोकांना त्रास?’’ फोन करून म्हणाली. मग माझ्या जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं, बारीक दिसतेस म्हणाली. ठेवते म्हणून ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला.

‘‘ती बाई कशी म्हणाली ते सांग ना. माझं.’’

मी म्हणून दाखवलं. तिने मला ते आणखी दोनदा म्हणायला लावलं.